गुत्ता, बंदी आणि रुग्ण

मराठीत दारूच्या दुकानाला ‘गुत्ता’ म्हणतात. हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातही येत नाही. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. सरकारला ठरावीक रक्कम भरायची आणि त्या बदल्यात एखाद्या उत्पन्नाच्या वसुलीचा हक्क मिळवायचा, हा गुत्त्याचा व्यवहार. दारूविक्रीचे असे मक्ते दिले जात, आणि पुढे मक्त्याचे नावच दुकानाला चिकटले. ‘आबकारी’ हा फारसी शब्दही मद्य गाळण्याच्या धंद्यावरून त्यावरच्या करापर्यंत असाच सरकत आला. परवाना, हातभट्टी, दारूबंदी, धाड, मुद्देमाल हे या विषयातले बाकीचे शब्द पाहिले तर ते एक तर खजिन्याचे आहेत किंवा पोलिसठाण्याचे.

मग जो पितो, त्याच्यासाठी आपल्याकडे कोणते शब्द होते? दारुडा, बेवडा, झिंगलेला, तळीराम. आणि १९८०च्या दशकात त्यात भर पडलेला ‘गर्दुल्ला’. यांतला एकही शब्द आजारी माणसासाठी वापरता येण्याजोगा नाही. क्षयरोग्याला किंवा कुष्ठरोग्यालाही समाजाने कमी छळले नाही. परंतु त्याला ‘रोगी’ म्हणण्यापुरती तरी जागा भाषेत होती. व्यसनाधीन माणसाला ती मिळायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. महाराष्ट्रातल्या मद्याच्या आणि अमली पदार्थांच्या इतिहासात बाटली कोणी विकली, तिच्यावर किती कर बसवला, ती कोणी फोडली, याची नोंद ठळकपणे सापडते. पिणाऱ्याचे पुढे काय झाले, ही नोंद मात्र फार उशिरा सुरू होते. ती कशी सुरू झाली आणि कोणी केली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

‘व्यसन’ या शब्दापासूनच आरंभ करावा लागेल. संस्कृतात या शब्दाचा पहिला अर्थ संकट, आपत्ती, ऱ्हास असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीच आहे, आणि त्यात राजा, अमात्य, दुर्ग, कोश यांच्यावर येणाऱ्या आपत्तींबरोबरच द्यूत, मृगया, मद्यपान अशा मानवी दोषांचाही विचार येतो. मनुस्मृतीतही कामज आणि क्रोधज अशी अठरा व्यसने सांगितली आहेत, पण ती राजधर्माच्या प्रकरणात. म्हणजे ज्याच्या व्यसनाची शास्त्रकारांना काळजी होती, तो प्रामुख्याने राजा होता; कारण तो ढासळला की राज्य ढासळते. सामान्य माणसाच्या पिण्याची व्यवस्था त्याच अर्थशास्त्रात दुसरीकडे, सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात केलेली आढळते. तिथे प्रश्न आहे तो मद्याच्या उत्पादनावरील आणि विक्रीवरील नियंत्रणाचा व महसुलाचा. राजाचे पिणे ही आपत्ती आणि प्रजेचे पिणे हे उत्पन्न, अशी ही विभागणी आहे. ती पुढे दोन हजार वर्षे फारशी बदलली नाही, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा स्पष्टपणे दिसते, एवढे नक्की.

१८७८च्या मुंबई आबकारी कायद्याने दारू गाळण्याचे काम मोठ्या, सरकारी देखरेखीखालच्या भट्ट्यांकडे एकवटले आणि विक्रीचे मक्ते लिलावाने देण्याची पद्धत पक्की केली. गावोगावी घरच्या घरी गाळली जाणारी मोहाची दारू त्यामुळे गुन्हा ठरली. १८९२मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयीचा कायदा झाला आणि फुले गोळा करून साठवण्यावरच निर्बंध आले. मोहाचे फूल हे आदिवासींचे अन्नही होते, हे लक्षात घेतले म्हणजे या कायद्याची झळ किती खोल गेली असेल, याची कल्पना येते. सरकारचा आक्षेप पिण्याला नव्हताच. कर न भरता पिण्याला होता.

या काळात वेगळा प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे जोतीराव फुले. ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८०मध्ये शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या व्यवस्थापन समितीचे प्रमुख प्लंकेट यांना पत्र लिहून त्याविरुद्ध तक्रार केली. या पत्राचे महत्त्व त्याच्या नैतिक संतापापेक्षा त्यातल्या हिशेबात आहे. एकीकडे नगरपालिका लोकांच्या आरोग्यावर पैसा खर्च करते आणि दुसरीकडे त्याच लोकांचे आरोग्य नासवणारी दुकाने वाढतात, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. दारूचा प्रश्न हा सार्वजनिक आरोग्याचा आणि सार्वजनिक खर्चाचा प्रश्न आहे, ही दृष्टी मराठी सार्वजनिक जीवनात इतक्या लवकर आणि इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कोणी मांडल्याचे चटकन आठवत नाही.

पुढच्या पिढीने मात्र हा धागा त्या अंगाने पुढे नेला नाही. १९०८मध्ये पुण्यात टिळकांच्या प्रेरणेने गुत्त्यांसमोर निरोधन झाले. स्वयंसेवक गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवू लागले. मद्यपाननिषेध हा स्वराज्याच्या चळवळीचा भाग बनला, आणि गांधींच्या काळात तर तो विधायक कार्यक्रमातला एक मुख्य मुद्दा झाला. परक्या सरकारचा महसूल तोडण्याचे ते प्रभावी साधन होते, यात शंका नाही. पण गुत्त्याच्या दारातून परत फिरलेला माणूस रात्री थरथरत, घामाने निथळत, झोपेवाचून कसा पडून राहिला असेल, याची विचारपूस करणे हे चळवळीचे काम मानले गेले नाही.

या विचारपुशीचा अभाव आपल्या वाङ्मयातही दिसतो. आणि त्याचबरोबर त्याची जाणीवही तिथेच प्रथम उमटते. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९मध्ये, लेखकाच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आले. हे नाटक शिकवताना आपण सिंधूचे पातिव्रत्य, तळीरामाचा विनोद आणि सुधाकराची शोकांतिका या तीन खुंट्यांवर ते टांगून मोकळे होतो. पण व्यसनाच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, दारूमुळे आजारी पडलेल्या माणसाभोवती वैद्य आणि डॉक्टर जमतात, असा प्रसंग नाटकात येतो, पण तो विनोदी प्रवेश म्हणून. तळीरामाच्या अंथरुणाशी वैद्यकशास्त्र पोहोचते ते केवळ हसे करून घेण्यासाठी. त्या काळात मद्यासक्तीवर वैद्यकाजवळ फारसे काही नव्हतेही, तेव्हा गडकऱ्यांचा उपहास अगदीच अस्थानी म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सुधाकर मध्येच दारू सोडण्याचा निश्चय करतो. तो खरोखरच सोडू पाहतो, उदरनिर्वाहासाठी काम शोधायला बाहेर पडतो, आणि प्रतिष्ठितांच्या जगात त्याला जी वागणूक मिळते तिने तो पुन्हा प्याल्याकडे लोटला जातो. आज व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारा कोणीही हा टप्पा लगेच ओळखेल. दारू थांबवणे हा उपचाराचा लहान भाग असतो. थांबवल्यानंतर माणसाला कोणत्या जगात परत पाठवायचे, हा मोठा भाग. गडकऱ्यांनी ही गोष्ट ओळखली होती. त्यांच्या प्रेक्षकांनी मात्र नाटकातून तळीराम उचलला आणि त्याचे सामान्यनाम करून टाकले. सुधाकराचा तो फसलेला प्रयत्न कोणाच्या फारसा लक्षात राहिला नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे बंदीचे युग आले. १९३७च्या काँग्रेस मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. आरोग्य आणि आबकारी ही दोन्ही खाती त्या वेळी डॉ. गिल्डर यांच्याकडे, म्हणजे एका नामांकित डॉक्टरकडेच होती. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० रोजी संपूर्ण मुंबई राज्यात बंदी अमलात आली. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदात मद्यनिषेधाचे मार्गदर्शक तत्त्व आहेच. त्या अनुच्छेदाचा रोख पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य यांवर आहे, हे आपण बहुधा विसरतो.

या कायद्यातली एक तरतूद या विषयाच्या अभ्यासकाने नीट वाचण्यासारखी आहे. प्रकृतीच्या कारणासाठी मद्य आवश्यक असल्यास परवाना मिळण्याची सोय कायद्यात होती. ज्याला डॉक्टरचा दाखला परवडत होता, त्याला विलायती दारू कायदेशीरपणे मिळे. गिरणीतल्या किंवा गोदीतल्या कामगाराला तो दाखला कोण देणार? तो हातभट्टीकडे गेला, आणि सापडला तर कोठडीत. म्हणजे आरोग्य हा शब्द कायद्यात आला, पण तो सुस्थितीतल्या माणसाच्या सोयीसाठी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली तर हातपाय कापतात, झटके येतात, भ्रम होतो, आणि वेळीच उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. एका दिवसात राज्यभर बंदी लागू करताना अशा माणसांसाठी खाटांची तरतूद करणे, हा त्या कार्यक्रमाचा गाभा नव्हता. अमेरिकेतल्या वैद्यकांच्या मुख्य संघटनेने १९५६मध्ये मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले, तेव्हा मुंबई राज्यात त्या आजाराचा रोगी हा कायद्याच्या दृष्टीने आरोपी होता. पुढे १९६०च्या आणि १९७०च्या दशकांत बंदी क्रमाक्रमाने सैल करण्यात आली. दारूबंदी आणि उत्पादन शुल्क ही दोन परस्परविरोधी कामे मात्र एकाच खात्याच्या पाटीखाली नांदत राहिली.

चित्र पालटले ते दारूमुळे नव्हे. एका नव्या पुडीमुळे. १९८०च्या दशकाच्या आरंभी मुंबई-पुण्यात ‘ब्राउन शुगर’ म्हणजे अशुद्ध हेरॉइन येऊ लागले. त्याला इथे ‘गर्द’ हे नाव पडले. चांदीच्या कागदावर ठेवून खालून काडी धरायची आणि धूर ओढायचा, ही त्याची रीत. गर्द थोड्याच दिवसांत शरीराचा ताबा घेते, आणि ते मिळाले नाही तर अंगदुखी, उलट्या, जुलाब, अस्वस्थता अशा यातना सुरू होतात. त्यांना गर्दुल्ल्यांच्या बोलीत ‘टर्की’ असे नाव आहे. १९८५मध्ये अमली पदार्थविरोधी कडक कायदा झाला. त्यात शिक्षा जबर होत्या. सरकारने उपचार केंद्रे स्थापावीत अशी तरतूदही होती. पण शिक्षेचे कलम ताबडतोब चालू लागते आणि उपचाराच्या कलमाला इमारत, माणसे व पैसा लागतो, हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव.

याच सुमारास अनिल अवचट यांनी गर्दवर लेखन केले. हे लेखन गर्द ओढणाऱ्या मुलांशी बोलून, त्यांच्या आयांजवळ बसून केलेले होते. ‘गर्दुल्ला’ या शब्दामागे एक नाव, एक घर, एक बिघडलेला दिनक्रम असतो, हे मराठी वाचकाला त्यातून प्रथमच इतक्या जवळून दिसले. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याची धुरा होती तिथेच मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट यांच्याकडे. १९९७मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन होईपर्यंत या केंद्राची पद्धत त्यांनी घडवली.

ही पद्धत साधी आहे आणि म्हणूनच तिच्यातला बदल चटकन लक्षात येत नाही. सुमारे पाच आठवडे निवासी उपचार. पहिल्या काही दिवसांत शरीराचा त्रास औषधांनी आटोक्यात आणायचा, नंतर समुपदेशन, गटचर्चा, योगासने, श्रमाची कामे. काम करणाऱ्यांत अनेक जण पूर्वी इथेच रुग्ण म्हणून आलेले. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट. आणि घरी गेल्यावर गावोगावी पाठपुराव्याच्या सभा. व्यसनमुक्तीच्या वर्तुळात ‘रुग्णमित्र’ हा शब्द रूढ झाला. दारुडा ते रुग्णमित्र हे अंतर केवळ सौजन्याचे नाही. दारुड्याला उपदेश करायचा असतो. रुग्णाची तपासणी करायची असते, त्याला तारीख द्यायची असते, तो पुन्हा पिऊन आला तर आजार उलटला असे समजून पुन्हा दाखल करून घ्यायचे असते. ‘सहचरी’चा अर्थही असाच तपासण्यासारखा आहे. सिंधूने सोसले ते एकटीने, आणि तिच्या सोसण्याची आपण शंभर वर्षे पूजा केली. इथे त्याच दुःखाच्या बायका एकमेकींसमोर बसून बोलू लागल्या, आणि नवऱ्याचे पिणे ही आपल्या सेवेतली उणीव नव्हे हे एकमेकींना सांगू लागल्या. मराठी स्त्रीजीवनाच्या इतिहासात याची नोंद वेगळी व्हायला हवी.

पण मुक्तांगणापर्यंत कोण पोहोचतो? ज्याला कोणीतरी तिथे घेऊन येते तो. गडचिरोलीच्या जंगलातल्या माणसाला पुणे कुठे आहे? या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या टोकाने शोधले गेले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. गावातल्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, दारू हाच आपला आरोग्याचा मोठा प्रश्न असल्याचे पुढे आणले, आणि लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर १९९३मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली. महाराष्ट्राच्या इतर भागांतही ‘आडवी बाटली’ला मत देऊन बायकांनी गावातली दुकाने बंद पाडली. वर मी बंदीच्या मर्यादा सांगितल्या. म्हणून या बायकांची मागणी भाबडी होती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. जिच्या घरातला पगार वाटेतच संपतो, तिला दुकान दूर जाणे हाच पहिला श्वास असतो. १९५०ची बंदी वरून आली होती, ही खालून आली, हा फरकही मोठा आहे.

तरीही चंद्रपूरचा अनुभव समोर आहे. तिथे २०१५मध्ये बंदी आली आणि २०२१मध्ये सरकारने ती उठवली. कायदा आणण्याइतकाच तो उठवणेही सोपे असते. २०१६मध्ये गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे अभियान सुरू झाले, त्याचे महत्त्व या संदर्भात आहे. बंदीची अंमलबजावणी, गावांचे संघटन, आणि व्यसनींवर उपचार ही कामे तिथे एकाच कार्यक्रमात आणली गेली. बाटली आणि माणूस या दोघांकडे एकाच वेळी पाहण्याचा हा प्रयत्न आहे, आणि फुल्यांच्या १८८०मधल्या पत्राशी त्याचे नाते लागते.

उपचार दवाखान्यातून वस्तीकडे नेता येतो का, याचे एक उत्तर गोव्यातून मिळाले आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी त्यांनी एक ते चार बैठकांत समुपदेशन करायचे, अशी त्याची रचना होती. त्याचे निष्कर्ष २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ३७७ पुरुषांच्या या अभ्यासात तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के घातक पिण्यातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. पूर्णपणे व्यसनाधीन झालेल्यांसाठी हा उपाय नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु तिथवर पोहोचण्याआधीच माणसाला गाठता येते, आणि ते गावातल्याच माणसाकडून, एवढे त्याने दाखवले.

असे असताना २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीने सांगितले की मद्याच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कोणत्याही स्वरूपाची मदत मिळते, आणि रुग्णालयात राहून उपचार १८० जणांपैकी एकाला. ही दरी केवळ पैशांच्या अभावाची नाही. दारूचा महसूल एका खात्याकडे, व्यसनमुक्तीचे अनुदान सामाजिक न्याय खात्याकडे आणि रुग्णालय आरोग्य खात्याकडे, अशी या माणसाची तीन तुकड्यांत वाटणी झालेली आहे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मनोविकारांना आजाराच्या व्याख्येत घेतले, आणि उपचार मिळणे हा हक्क ठरवला. कागदावर तरी आरोपीचा रुग्ण झाला आहे.

मात्र एका माणसाचा प्रश्न या सगळ्यातून निसटतो. पाठपुरावा करायचा तर पत्ता लागतो. सहचरीत यायला सहचरी असावी लागते. परत पाठवायचे तर घर असावे लागते. पुलाखाली झोपणाऱ्या, सुईने नशा घेणाऱ्या माणसाला यांतले काहीच नसते. मुंबईत ‘संकल्प’सारख्या संस्था १९९०च्या दशकापासून अशांपर्यंत रस्त्यावर जाऊन पोहोचल्या, जखमा धुण्यापासून सुरुवात केली. पुढे एड्स नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने सुया बदलून देणे आणि नशेच्या जागी देखरेखीखाली पर्यायी औषध देणे स्वीकारले. म्हणजे या माणसाकडे राज्याचे लक्ष गेले, ते बव्हंशी त्याच्याकडून इतरांना लागण होऊ नये म्हणून. कारण काहीही असो, त्या खिडकीशी रोज उभे राहणाऱ्याला निदान कोणीतरी नावाने हाक मारते.

जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. वृत्तपत्रांत भट्टी, मिथेनॉल, निलंबित अधिकारी यांच्या बातम्या आल्या. तपास झाला, खटला चालला. त्या रात्री पिऊनही जे वाचले, त्यांतल्या किती जणांना नंतर कोणी उपचाराला नेले, हे विचारणारी बातमी शोधावी लागेल. इतिहासलेखनाचे काम अशा न विचारलेल्या प्रश्नांपासून सुरू होते. गुत्त्यांचे लिलाव, कायद्यांची कलमे, चळवळींचे ठराव यांची कागदपत्रे दफ्तरखान्यात सुरक्षित आहेत. पाठपुराव्याच्या सभांत दर आठवड्याला उभे राहून आपल्या कोरड्या दिवसांचा हिशेब देणाऱ्या माणसांचे शब्द मात्र हवेत विरतात. ते मराठीत लिहून ठेवणे, हे निदान आपल्या हातातले काम आहे.